काझी गेला, पंच उरले

१९८२ साली जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमा पाहायचा नाही, असा हुकूम निघाला. हा हुकूम सरकारचा नव्हता, कोर्टाचाही नव्हता. तो समाजाच्या पंचांचा होता. पुरुषांना मात्र बंदी नव्हती. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत काम करणाऱ्या रझिया पटेल यांनी या बंदीविरुद्ध उघड भूमिका घेतली आणि बायकांना बोलते केले. आपल्यापैकी ज्या तेव्हा कामात होत्या त्यांना ते दिवस आठवत असतील. ज्या नंतर आल्या त्यांच्यातल्या काहींनी रझियाताईंचे 'चाहूल' वाचले असेल.

"सिनेमासारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी कशाला एवढा गदारोळ?" असे तेव्हा पुरोगामी मंडळींनीही म्हटले असणार. हा प्रश्न आपल्याला सवयीचा आहे. पण मुद्दा तिकिटाचा नव्हताच. जो पंच बाईला थिएटरच्या दारातून परत पाठवू शकतो, तो तिला सभेतून, मोर्चातून, शाळेतून आणि वकिलाच्या कचेरीतूनही परत पाठवू शकतो. घटनेने मताचा अधिकार दिला, पण घराबाहेर पाऊल टाकण्याची परवानगी जर चार पुरुषांच्या बैठकीत ठरत असेल, तर त्या मताचे वजन ते काय?

आपण तेव्हा घटनेचे नाव घेऊन विचारले, "हा अधिकार तुम्हांला कोणी दिला?" उत्तर आले, "शरियतने." हे उत्तर ऐकले की आपण गप्प होतो. हिंदू घरातून आलेल्या कार्यकर्त्यांना वाटते की हा आपला प्रांत नाही. मुस्लिम मैत्रिणींना वाटते की धर्माच्या विरोधात बोलल्यासारखे होईल. म्हणून या अंकात ते उत्तरच तपासायचे ठरवले. शरियत म्हणजे नुसती वचने नव्हेत. ती राबवणाऱ्या संस्था होत्या, आपल्या खानदेशातही होत्या. त्यांचे पुढे काय झाले, हे कळल्याशिवाय आजचे पंच कळणार नाहीत.

खानदेशात फारुकी सुलतानांचे राज्य १३८२ ते १६०१ असे दोनशेहून अधिक वर्षे होते. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला त्यांचे पहिले ठाणे होते, त्यांच्या कबरी आजही तिथे आहेत. पुढे बुऱ्हाणपूर राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा बनला. या व्यवस्थेत काझी हा राज्याने नेमलेला न्यायाधीश होता. तो निकाह लावी, वारसाहक्काचे तंटे सोडवी, दस्तांवर शिक्का मारी, पोरक्यांच्या मालमत्तेवर नजर ठेवी. तो सुलतानाचा किंवा बादशहाचा नोकर होता, म्हणजे त्याच्यावर कोणीतरी वरचा होता. आणि त्याच्यापुढे बाई स्वतः उभी राहू शकत होती. तुर्कस्तानातल्या कायसेरी शहरातली सतराव्या शतकातली काझी-दप्तरे अभ्यासकांनी वाचली आहेत. त्यांत घर विकणाऱ्या, कर्ज वसूल करणाऱ्या, भावांवर फिर्याद करणाऱ्या बायका पानोपानी भेटतात.

इतक्या दूर जायचे कारण नाही. नंदुरबार-थाळनेर भागातून सुरतेचा मोठा व्यापारी रस्ता जात असे. त्या सुरतेतले सतराव्या शतकातले निकाहनामे आज उपलब्ध आहेत. त्यांत नवऱ्यावर अटी घातलेल्या आढळतात. पहिली बायको असताना दुसरी करायची नाही. मारहाण करायची नाही. खर्चाची सोय न करता ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ परागंदा व्हायचे नाही. दासीला रखेल म्हणून ठेवायचे नाही. अट मोडली तर बायकोला लग्नातून मोकळे होण्याची वाट होती. साध्यासुध्या घरांतल्या बायकांच्याही निकाहनाम्यांत अशा अटी आहेत. आज आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या किती जणींच्या निकाहनाम्यात एकतरी अट असते? बहुतेकींनी तो कागद पाहिलेलाही नसतो.

हे सांगताना जुना काळ सोन्याचा होता असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. त्या कायद्यात पुरुषाला एकतर्फी तलाक होता, व्यवहारात बाईच्या साक्षीचे मोल निम्मे होते, वारशातला वाटा भावाच्या निम्मा होता. गुलामगिरी मान्य होती, हे वरच्या शेवटच्या अटीवरूनच दिसते. काझी लाच खात, हेही त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. मुद्दा एवढाच की त्या संस्थेला दोन बाजू होत्या. एक हुकमाची, दुसरी जबाबदारीची: वही, शिक्का, साक्षीदार, वरचा अधिकारी. बाईला थोडीफार जागा होती ती या दुसऱ्या बाजूला.

दुसरी संस्था वक्फ. आपली मिळकत देवाच्या नावाने कायमची बांधून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून मशीद, विहीर, सराई, मदरसा, दवाखाना, गोरगरिबांचे अन्न चालवायचे, ही मूळ कल्पना. दिलदार कल्पना आहे. स्त्रियांनीही वक्फ केले आणि स्त्री मुतवल्लीही होऊ शकते, याला शास्त्राची आडकाठी नाही. पण वक्फाची घडणच अशी की देणाऱ्याची अट कायमची. कारभार मुतवल्लीच्या हाती. ज्यांच्यासाठी ही मिळकत, त्या गरिबांना, विधवांना, विद्यार्थ्यांना मात्र कारभारात शब्द नाही. ते जेवायला येतील, पण सभा भरवणार नाहीत, मुतवल्ली निवडणार नाहीत, हिशेब मागायचा तर काझीकडे अर्ज करतील. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात मध्यपूर्वेबद्दल हेच मांडले आहे. शतकानुशतके शहरांतल्या सगळ्या सोयी वक्फातून चालल्या, त्यामुळे लोकांना एकत्र येऊन संस्था चालवण्याची, सत्तेला जाब विचारण्याची सवय लागली नाही, आणि आजच्या राजकीय स्वातंत्र्याच्या दुबळेपणाचे एक मूळ तिथे आहे, असे त्यांचे म्हणणे.

यात तथ्य आहे. कोणत्याही गावच्या जमातीच्या बैठकीत जाऊन पाहा, म्हणजे जाऊ दिले तर. हिशेब कोण मागतो आणि कोण खाली मान घालतो ते दिसेल. पण हे सगळे जुन्या कायद्याच्याच माथी मारले की आपल्याकडची अर्धी गोष्ट गळून पडते. आपल्याकडे मध्ये इंग्रज आले, दंगली आल्या, आणि आपले स्वतंत्र भारतातले कायदेही आले.

मोगलाई जाऊन मराठेशाही आली तरी काझीचे काम बंद पडले नाही. पण त्याचे वतन झाले. जमीन, मानपान, निकाहाचा हक्क हे सगळे बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. न्यायाधीशाची जागा वारसाने मिळू लागली की न्याय मागे पडतो आणि मान उरतो, हे आपल्याला पाटील-देशमुखांच्या घरांवरून चांगले ठाऊक आहे. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे गेला, धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे झाले आणि कज्जे इंग्रजी कोर्टात जाऊ लागले. १८६४ च्या कायद्याने सरकारने काझी नेमणेच थांबवले. पुढे लोकांची अडचण होते म्हणून १८८० मध्ये दुसरा कायदा केला. तो फार बोलका आहे. जिथे मुसलमानांची बरीचशी वस्ती काझी मागेल तिथे सरकारने तिथल्या 'प्रमुख मुसलमान रहिवाशांचा' सल्ला घेऊन काझी नेमावा. मात्र या काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार नाही. लग्नाला तो हजर असलाच पाहिजे असेही नाही.

म्हणजे काय झाले ते पाहा. न्याय गेला, नाव राहिले. आणि त्या नावामागे कायद्यानेच 'प्रमुख रहिवासी' उभे केले. हे प्रमुख रहिवासी कोण असणार? व्यापारी, मोठे जमीनदार, वतनदार. सगळे पुरुष. त्यांच्यावर वरचा अधिकारी नाही, त्यांना वही नाही, त्यांच्याविरुद्ध अपील नाही. काझी गेला तो असा, आणि पंच उरले ते असे.

मग ज्या प्रश्नांवर इंग्रजी कोर्ट बसले तिथे तरी बाईला न्याय मिळाला का? १८४७ साली मुंबईच्या खोजा समाजातल्या काही स्त्रियांनी कोर्टात मागितले की आम्हांला कुराणात सांगितलेला वारशाचा वाटा द्या. न्यायमूर्ती पेरींनी सांगितले, तुमच्या जमातीत मुलींना वाटा न देण्याची रूढी आहे, रूढी चालेल. बायका शरियत मागत होत्या आणि साहेब रूढीचे राखणदार झाले होते! १९३७ चा शरियत कायदा हीच रूढी मोडण्यासाठी आला. पण त्यातून शेतजमीन वगळली. आपल्या कापसाच्या आणि केळीच्या मुलखात शेतजमीन वगळल्यावर बाईच्या वाट्याला काय उरते, हे तुम्हीच सांगा. शरियत धोक्यात आहे म्हणून ओरडणाऱ्या एकाही पुढाऱ्याने बहिणीच्या शेताच्या वाट्यासाठी मोर्चा काढल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

१९३९ च्या कायद्याची गोष्ट थोडी वेगळी. नवरा चार वर्षे बेपत्ता असेल, दोन वर्षे पोसत नसेल, छळ करत असेल तर बाईला घटस्फोट मागता येईल, असे या कायद्याने ठरले. उलेमांची मागणी होती की निकाल मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा. ती अट गळली. त्यामुळे आज जळगावची किंवा धुळ्याची कोणतीही मुस्लिम बाई साध्या दिवाणी न्यायालयात जाऊन हा हक्क मागू शकते. आठ दशकांहून जास्त वर्षे झाली, तरी केंद्रावर येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणींना वाटते की सोडवणूक फक्त नवऱ्याच्या किंवा जमातीच्या हाती आहे. हा आपल्याही कामाचा दोष आहे.

आता १९७० कडे येऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात भिवंडीपाठोपाठ जळगावात दंगल पेटली. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली जवळजवळ सगळी मुसलमान. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने सगळे लिहून ठेवले आहे. सिनेमाबंदी त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी आली. जिचे घर जळले, जिचा भाऊ गेला, ती बाई पोलीस चौकीवर भरवसा ठेवील की मोहल्ल्यावर? मदत वाटणारी जमात, जामीन देणारी जमात, मयतीला उभी राहणारी जमात. मग तीच जमात सांगते, थिएटरला जायचे नाही. २०१३ च्या जानेवारीत धुळ्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा मुस्लिम तरुण गेले, तेव्हाही हेच घडले असणार. बाहेरची भीती जेवढी वाढते तेवढा आतला उंबरठा उंच होतो. पंचांची सत्ता टिकवायला दंगलखोरांइतकी मदत दुसऱ्या कोणी केलेली नाही. मुस्लिम बाईच्या हक्कांसाठी अश्रू ढाळणाऱ्या हिंदुत्ववादी मंडळींनी हे ऐकून ठेवावे.

पण म्हणून पंचांना सूट द्यायची का? हमीद दलवाईंनी दिली नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेणाऱ्या या माणसाने १९७० साली, दंगलीच्या दोन महिने आधी, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. सातच होत्या, पण आपले गाऱ्हाणे त्यांनी मोहल्ल्याच्या बैठकीत नाही, कायदे करणाऱ्यांच्या दारात मांडले.

बहिष्कार हे पंचांचे खरे हत्यार. पाणी, लग्न, कबर बंद. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धर्मपंथाला आपला कारभार चालवण्याचा हक्क आहे, त्यात माणूस बाहेर काढण्याचाही आला, असे बहुमताने ठरले. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे होते. म्हणजे १९८२ साली जळगावच्या बाईच्या बाजूने बहिष्काराविरुद्ध असा कायदाच नव्हता. महाराष्ट्राने पुन्हा कायदा केला तो २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. तो आपण जातपंचायतींविरुद्ध वापरतो. तो जमातीलाही लागू आहे, हे किती जणींना माहीत आहे? आणि हिंदू घरांतल्या मैत्रिणींनो, आपल्याकडच्या जातपंचायती दंड घेऊन काडीमोड करतात, तिथेही बाई जाजमाच्या कडेलाच असते. हे पंच एकाच गिरणीतले आहेत.

सर्वांत कडू विनोद १९८६ चा आहे. शहाबानोच्या निकालानंतर राजीव गांधी सरकारने जो कायदा केला त्यात म्हटले, इद्दतीनंतर तलाक दिलेल्या बाईला नातेवाईकांनी पोसावे आणि ते जमत नसेल तर दंडाधिकाऱ्याने राज्याच्या वक्फ मंडळाला पोटगी द्यायला सांगावे. कल्पना बरी वाटते. गरिबांसाठी बांधलेल्या मिळकतीतून निराधार बाईला भाकर. पण तेव्हा वक्फ मंडळ होते ते मराठवाड्यासाठी. उरलेल्या महाराष्ट्रातल्या मुस्लिम विश्वस्त संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे होत्या. सगळ्या राज्याचे वक्फ मंडळ आले २००२ मध्ये. सोळा वर्षे खानदेशातल्या बाईला कायद्याने ज्या दाराकडे बोट दाखवले, ते दार तिच्यासाठी बांधलेलेच नव्हते. मंडळ आल्यावर त्यात तिची जागा कुठे? निदान दोन स्त्रिया सभासद असाव्यात ही तरतूद २०१३ च्या दुरुस्तीने आली. २०२५ च्या दुरुस्तीच्या वेळी ती नवीन देणगी असल्यासारखी सांगितली गेली, म्हणून हे वर्ष लक्षात ठेवा.

या २०२५ च्या कायद्यात एक कलम चांगले आहे. कुटुंबासाठी वक्फ करून मुलींचा वारसा बुडवता येणार नाही. असे वक्फ करून बहिणींना बाजूला सारण्याची युक्ती जुनी आहे. पण बाकीचा रोख मुतवल्लीला त्याच्या लाभार्थींपुढे जबाबदार करण्याचा नाही, सरकारी अधिकाऱ्याचा हात वर ठेवण्याचा आहे. त्यातल्या काही कलमांना सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम स्थगिती दिली, त्यांत मिळकतीचा वाद मिटेपर्यंतच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकाराचाही प्रश्न होता. २०१९ च्या तलाक कायद्याची रीतही तीच. २०१७ मध्ये शायराबानो खटल्यात तिहेरी तलाक रद्द झालाच होता. मग नवऱ्याला तीन वर्षे तुरुंगात घातल्यावर पोटगी कोण देणार, हे विचारायला कोणी थांबले नाही. बाई फिर्याद करते तेव्हा तिला नवरा तुरुंगात नको असतो, घर हवे असते, मुलांची फी हवी असते. पंचांऐवजी सरकार 'प्रमुख रहिवासी' होऊन बसले तर बाईला कारभारात जागा मिळाली असे होत नाही.

न्यायालयांनी दिलेला आधार कमी नाही, तो वापरा. आपले जिल्हे ज्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात तिथल्या पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात सांगितले की कोर्टात नुसते 'मी तलाक दिला आहे' असे लिहून देणे पुरेसे नाही, तो रीतसर दिल्याचे सिद्ध करावे लागेल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दारुल-कझा हे न्यायालय नव्हे आणि फतवा कोणावर लादता येत नाही. १८८० च्या कायद्यातलेच वाक्य एकशे चौतीस वर्षांनी पुन्हा सांगावे लागले! २०२४ मध्ये फौजदारी संहितेखालची पोटगी मुस्लिम घटस्फोटितेलाही आहे, हे पुन्हा स्पष्ट झाले.

पण निकाल कोर्टात लागतो आणि बाई राहते मोहल्ल्यात. म्हणून भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या मैत्रिणींनी जी वाट धरली ती आम्हांला मोलाची वाटते. हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्याचा हक्क त्यांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयातून मिळवला आणि त्याच सुमारास स्त्रियांना काझीचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. स्त्री काझी निकाहनाम्यात अटी लिहून घेते, नवरीला तो वाचून दाखवते. आमच्यातल्या काही जणींना हे पटत नाही. त्या म्हणतात, काझीची गादीच कशाला हवी, नागरी विवाह करा. वाद चालू आहे, चालू राहू द्या. पण निकाह तर उद्याही लागणारच आहेत, आणि वही कोणाच्या हातात आहे याला महत्त्व आहे.

आपण तीस-चाळीस वर्षे तलाकच्या प्रश्नावर लढलो आणि तलाकवर बसणाऱ्या बैठकीत कोण असते हा प्रश्न मागे ठेवला, हे कबूल केले पाहिजे. म्हणून या तिमाहीत एक काम करा. आपल्या गावातल्या मशीद, दर्गा, कब्रस्तान, मदरसा यांची समिती कोणाच्या नावाने नोंदली आहे ते वक्फ मंडळाच्या किंवा धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत पाहा. घटनापत्रकात सभासद कोण होऊ शकतो, 'प्रौढ पुरुष' असे लिहिले आहे की 'प्रौढ व्यक्ती', ते उतरवून घ्या. शेवटचा हिशेब कोणत्या सालचा आहे तेही पाहा. हिंदू मैत्रिणींनी आपल्या ज्ञातिमंडळाचे आणि देवस्थानाचे घटनापत्रक असेच उतरवावे. एरंडोल, रावेर, चोपडा, यावल, शिरपूर, साक्री इथल्या गटांनी माहिती अंकाच्या पत्त्यावर पाठवावी. नावे छापणार नाही. ज्यांच्या गावी नोंद दाखवायला नकार मिळेल त्यांनी नकार लेखी मागावा आणि तोही पाठवावा.